बिनकिल्लीची

कॅम्पातल्या मैदानावर लिलाव होता.
सतरा गाड्या एका ओळीत, चाकं चुन्याच्या रेघेवर,
जणू अजून कुणी तपासणीला यायचंय.
मी बारावी घेतली.
तिच्याखालचा तेलाचा डाग सगळ्यांत लहान.
दस्तगीर मिस्त्री कानाशी म्हणाला,
"डाग लहान म्हणजे आत तेलच उरलं नसंल."
तोवर हातोडा पडला होता.

साखळीनं ओढत आणली इदलहोंडला.
पुढं भाड्याचा ट्रॅक्टर,
मागं मी स्टिअरिंगला लोंबकळत.
देसूरच्या फाटकात अर्धा तास.
गेटमन गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला,
"यार्दरी इदु?"
"नम्मद्री," म्हणालो. आमचीच.
तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं.

आरटीओत साहेबांनी आधी बाण बघितला,
नंबरपाटीवरचा, टोक आभाळाकडं.
हा चालायचा नाही. हिरवा रंगबी चालायचा नाही.
बाण छिन्नीनं काढला.
रंग खरवडायला तीन माणसं, पाच दिवस.
हिरव्याखाली वाळूचा, त्याखाली पुन्हा हिरवा,
आणि बॉनेटच्या बिजागरीत
नखाएवढा पांढरा.
"बर्फ असंल," दस्तगीर म्हणाला,
बर्फ न बघितलेला.
आम्ही वर कौलाचा रंग दिला.
भट्टीची धूळ बसली तर कळू नये.

तिचं सामान दुकानात नाही.
डायनामोचा ब्रश कित्तूरच्या भातगिरणीत सापडला,
पट्टा नेसर्गीच्या एका बंद गुऱ्हाळात.
बुश इरण्णानं उद्यमबागेत कातून दिला,
पैसे घेताना म्हणाला, पुढच्या वर्षी परत येशीलच.
हौदाला किंदळाच्या फळ्या.
पहिली खेप: दोन हजार कौलं, फुटली एकशे चाळीस.

"किल्ली कुठाय हिची?" शेवंतानं विचारलं.
नाही.
एक मूठ उजवीकडं फिरवायची, बटण दाबायचं.
पलटणीत गाडीला किल्ली ठेवत नाहीत,
किल्लीवाला मेला तर गाडी अडून बसेल.
म्हणून मी रोज रात्री बॅटरीची तार सोडवायचो
आणि तेरा नंबरचा पाना उशाखाली ठेवून निजायचो.

भाऊ माझा भर्मा, सतरा वर्षं फौजेत, असल्याच गाड्यांवर.
चार वर्षं बोलणं नाही.
भट्टीच्या मातीचा एक खड्डा, कुणाच्या हद्दीत, त्यावरून.
क्लच दोनदा दाबायचा, मधे एक श्वास घ्यायचा,
हे मला कुणी सांगितलं नाही.
गिअर किंचाळला की भर्मा
पाठ करून बसल्या जागी, त्याच्या ओट्यावर, खाकरायचा.
मी त्या खाकरण्यावर शिकलो.

श्रावणात दोन दिवस हुबळीला गेलो, मेव्हण्याच्या घरी.
परत आलो तर गाडी शेडमध्येच,
पण तोंड बाहेर.
मी नेहमी नाक आत घालून लावतो.
चाकं चिखलानं भरलेली, साखळी ओली,
डिझेलचा काटा मी सोडला होता त्याच्या वर.
तार सोडवलेली, माझ्यासारखीच,
फक्त तिच्या टोकाला फडकं गुंडाळलेलं.
मी कधी फडकं गुंडाळत नाही.

"वस्तीची बस ओढ्यात कलली होती," शेवंता म्हणाली.
"माणसं आत."
"कुणी नेली गाडी?"
"मला काय विचारूलालास?
किल्ली हाय होय तिला?"

पाना खिळ्याला अडकवला, शेडच्या दारात,
बाहेरच्या बाजूनं.

त्या रात्री गाडी मागं घेत घेत लावली, तोंड बाहेर.
तीनदा चुकली.
चौथ्यांदा गिअर किंचाळला,
ओट्यावरून खाकरणं आलं.
क्लच सोडला.
श्वास घेतला.
परत दाबला.